काबुली : एका भाताचा इतिहास आणि आमचे दोन रविवार

मागच्या वेळी परंपरा या शब्दावर बोलताना आम्ही सहज म्हणून गेलो, की पुढचं व्याख्यान एका भातावर करू. त्यावर प्रश्नोत्तरांच्या वेळी एका गृहस्थांनी जरा रागानेच विचारलं, "सर, पानिपतावर ज्यांनी आपली माणसं कापली त्यांचा भात आपण घरी कशाला शिजवायचा?" आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. ते बरोबर झालं नाही. प्रश्न प्रामाणिक होता, त्याला उत्तर द्यायला हवं. आज ते द्यायचा प्रयत्न करतो, पण वळसा घेऊन. आमची सवय आपल्याला माहीत आहेच.

आधी घरातली हकिकत. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये काही वर्षांपूर्वी दोन अफगाण मुली भाड्याने राहायला आल्या. दोघी पुण्यात एम.ए. करत होत्या. पुण्यात तेव्हा अफगाण विद्यार्थी खूप होते, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. आम्हाला त्या सर म्हणत, आमच्या पत्नीला आधी आंटी आणि मग आमच्या नातवंडांचं ऐकून काकू. 2021च्या उन्हाळ्यात त्यांतली एक आईला भेटायला काबूलला गेली. ऑगस्टमध्ये तिथलं सरकार पडलं, तालिबान आले, आणि आधी मिळालेला तिचा व्हिसा रद्द झाला. ती परत आली नाही. तिचा अर्धा प्रबंध आणि एक जाड बुडाचं पातेलं इथे राहिलं. त्या पातेल्याला त्या 'देग' म्हणत. देग हा शब्द आपल्याला परका नाही, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत देग आणि तेग जोडीनेच येतात.

मागे राहिलेली मुलगी एका रविवारी म्हणाली, काकू, आज या देगमध्ये काबुली करू. आमच्या घरी मटण रविवारीच होतं, म्हणून दिवसही सोयीचा. 'काबुली' शब्द ऐकला आणि आम्हाला एकदम मराठवाड्यातलं आमचं बालपण आठवलं. शेजारच्या मुसलमान घरातून मोहरमच्या दिवसांत आमच्याकडे एक भात यायचा, त्याला 'कबुली' म्हणत. त्यात हरभऱ्याची डाळ, तळलेला कांदा, पुदिना, दही. मटण नाही. म्हणून तर आमच्या आजीला चालायचा! हैदराबादकडे आजही हा हरभरा डाळीचा भात याच नावाने ओळखला जातो, आणि मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तो आमच्या गल्लीत पोचला यात आश्चर्य नाही. आम्ही त्या मुलीला मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, "डाळ भिजत घातलीस का?" ती आमच्याकडे बघतच राहिली. "डाळ? सर, काबुलीत डाळ कुठून आली? काबुलीत गाजर असतं."

आता इथे तत्त्वज्ञानाचा माणूस गप्प बसू शकत नाही. एकाच नावाचे दोन भात. एकात डाळ, दुसऱ्यात गाजर. खरा काबुली कोणता?

आम्ही अबुल फजलकडे गेलो. अकबराच्या राज्यकारभाराचं त्याने लिहिलेलं ऐन-ए-अकबरी, सोळाव्या शतकाच्या अखेरीचं. त्यात शाही स्वयंपाकघराचा भाग आहे, आणि पदार्थांची यादी वजनांसकट दिलेली आहे. मांस आणि भात एकत्र असलेल्या पदार्थांत 'कबुली' येतो. तांदूळ दहा शेर, मांस सात शेर, तूप साडेतीन शेर, सोललेला हरभरा एक शेर, कांदा दोन शेर, शिवाय मीठ, आलं, दालचिनी, मिरी, जिरं, वेलदोडा, लवंग. काही जण बदाम आणि मनुका घालतात, असंही तो नोंदवतो. साडेतीन शेर तूप! असो. मुद्दा असा, की अकबराच्या, म्हणजे काबूलवर राज्य केलेल्या बाबराच्या नातवाच्या मुदपाकखान्यात या नावाच्या भातात हरभरा होता, मांस होतं, ऐच्छिक मनुका होत्या, आणि गाजराचा पत्ता नव्हता. हैदराबादने हरभरा ठेवला आणि मांस सोडलं. काबूलने मांस ठेवलं, मनुकांना मानाचं पान दिलं, हरभरा सोडला आणि गाजर घेतलं. दोघेही म्हणतात आमचाच परंपरागत. आणि नावाबद्दलही एकमत नाही बरं का. कुणी म्हणतं काबूलचा म्हणून काबुली. कुणी म्हणतं तो 'काबिली', काबिल म्हणजे कर्तबगार, कारण तो जमणं हे कर्तबगार हाताचं काम. आमच्या शेजारणीच्या घरी दुसरं मत चालतं. का, ते पुढे कळेल.

रथाचा दृष्टान्त आपण मागे घेतला होता. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? यांतलं एकेक रथ नव्हे, आणि यांच्यावाचूनही रथ नाही. हा मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. त्याची नाणी काबूलच्या परिसरात सापडतात, आणि त्याचा जन्म अलसंदेचा असं खुद्द मिलिंदपञ्हात आहे. हे अलसंद म्हणजे काबूलच्या उत्तरेचं बेग्राम, असं बरेच अभ्यासक धरतात. म्हणजे गाजर गेलं तर काबुली उरतो का, या प्रश्नाची रीत त्या मुलखाला दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती. आम्ही हे त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, सर, गाजर किसू नका, उभं चिरा.

तर चिरण्याकडे वळू. कारण पुष्कळांनी कृती मागितली आहे, आणि कृती हाही इतिहासाचा कागदच असतो.

सहा माणसांना तीन वाट्या तांदूळ. तांदूळ सेला हवा, म्हणजे भात टरफलासकट वाफवून, वाळवून मग सडलेला. पहिल्या रविवारी आम्ही शहाणपणा करून घरातला आंबेमोहोर वापरला. सुवास छान, पण शेवटी देगमधून निघाली ती खीर. सेला तांदूळ जरा राठ, पिवळसर. दोन-तीन तास भिजवावा लागतो, पण रस्सा पितो आणि दाणा मोडत नाही. हाडासकट पाऊण किलो मटण. दोन मोठे कांदे तेलात गर्द तांबूस होईपर्यंत परतायचे. इथे घाई करू नये. काबुलीचा तपकिरी रंग हळदीचा नाही, मसाल्याचा नाही, तो या कांद्याचा आहे. त्यात मटण परतून पाणी, मीठ घालून मऊ शिजवायचं. मसाला अगदी थोडा : जिरं, वेलदोडा, लवंग, दालचिनी, मिरी. मिरची नाही. आमच्या पत्नीचा हात दोनदा तिखटाच्या डब्याकडे गेला, दोनदा तो मागे घेतला गेला.

गाजराच्या काडीपेटीतल्या काड्यांएवढ्या लांब काड्या करायच्या, तेलात परतायच्या, चिमूट साखर आणि वेलदोड्याची पूड. मनुका त्याच तेलात फुगेपर्यंत. तांदूळ खळखळत्या मिठाच्या पाण्यात अर्धामुर्धा शिजवून निथळायचा. मग देगमध्ये मटण, वर भात, त्यावर मटणाचा गाळलेला रस्सा, एका कडेला गाजर-मनुकांची पुरचुंडी, झाकणाला फडकं बांधून मंद आचेवर पाऊण तास दम. खाली तवा ठेवला तर बुड लागत नाही. वाढताना मटण तळाशी, त्यावर भाताचा ढीग, त्यावर गाजर, मनुका, बदाम-पिस्त्याचे काप. म्हणजे मांस झाकलेलं असतं, पाहुण्याने ते शोधायचं. उत्तरेकडचे उझबेक मात्र तांदूळ वेगळा शिजवत नाहीत. मांस, कांदा, गाजर यांच्या रश्शावरच कच्चा तांदूळ पसरून एकाच भांड्यात शिजवतात, आणि काबूलवाल्यांच्या निथळण्याला नावं ठेवतात. आपल्याकडे पिठलं-भाकरीवरून जिल्ह्याजिल्ह्यांत भांडणं होतात, तसंच. अफगाण जेवण असं एकवचनात म्हणणंही खरं तर धाडसाचं. ताटातला मंतू, तो वाफवलेला खिम्याचा मोदक, तुर्की लोकांकडून आलेला. त्याचा नातेवाईक थेट चीनमध्ये सापडतो. आणि भाताशेजारच्या वांग्याच्या बोरानीत टोमॅटो आहे, तो अमेरिका खंडातून आलेला. परंपरागत!

गाजराचं मात्र वेगळं आहे. गाजर तिथलंच. वाविलोव हा मोठा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 साली अफगाणिस्तानात फिरला, आणि लागवडीच्या गाजराचं मूळ त्याने त्या बाजूला दाखवलं. पुढच्या आनुवंशिक संशोधनानेही मध्य आशियाकडेच बोट दाखवलं. तिथली जुनी गाजरं पिवळी आणि जांभळी. केशरी गाजर ही नंतरची युरोपातली निपज. दरी भाषेत गाजराला 'जर्दक' म्हणतात. जर्द म्हणजे पिवळा. आपला जर्दाळू म्हणजे जर्द आलू, पिवळं आलूबुखार. आणि पानात टाकतात तो जर्दाही त्याच रंगाचा. आता बोरानीवर लसूण घालून जे घट्ट दही ओततात, त्याला ती मुलगी काय म्हणाली ऐका. 'चक्का.' आमच्या पत्नीने फ्रीजमधून श्रीखंडासाठी बांधून ठेवलेलं दही काढून तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" "चक्का," ती म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की आम्हाला आतून बाहेर यावं लागलं. फारसीत 'चकीदन' म्हणजे ठिबकणं. फडक्यातून पाणी ठिबकून राहतं तो चक्का. दोन भाषांत एकच वस्तू, एकच शब्द, आणि बांधायचं फडकंसुद्धा तसंच.

आता पानिपत. उत्तर टाळणार नाही.

14 जानेवारी 1761. आपल्या बखरींत आणि काशीराजाच्या वृत्तांतात एक गोष्ट ठसठशीत आहे : लढाईच्या आधी कित्येक आठवडे मराठ्यांची छावणी उपाशी होती. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि रसद तुटली. उलट अब्दालीला दुआबातून, नजीबाच्या मुलखातून धान्य येत होतं. सरदारांनी भाऊसाहेबांना विनवलं, की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या. म्हणजे पानिपताचा इतिहास ताटाशिवाय पुरा होत नाही. आम्हाला त्या गृहस्थांचा राग समजतो. पण राग कुणावर? 1747 साली कंदाहारला ज्याला राजा केलं त्या अहमदशहावर, की 2021 साली विद्यापीठाचं दार बंद झालेल्या मुलीवर? दोघांच्या मधे अडीचशे-पावणेतीनशे वर्षं आहेत. अफगाण हे नाव एक आहे म्हणून वस्तू एक, ही चूक आम्ही वर्गात चाळीस वर्षं खोडत आलो. घरात करायची नाही.

मुंबईचे लोक कुलाब्याला अफगाण चर्च बघतात. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं, 1858 मध्ये त्याचा विधी झाला. 1880च्या मैवंदच्या लढाईत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. ते सैनिक तिथे कुणाची लढाई लढत होते, हा प्रश्न पानिपताइतक्या रागाने कुणी विचारत नाही.

आणि अफगाणांविषयी इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात जो पहिला मोठा ग्रंथ आला, त्याचं बरंचसं लेखन कुठे झालं? पुण्यात, संगमावर. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1809 साली शाह शुजाला भेटायला पेशावरपर्यंत गेला. काबूल त्याने पाहिलंच नाही. 1811 मध्ये तो पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून पुण्यात आला, आणि इथे बसून त्याने काबूलच्या राज्याचं वर्णन लिहिलं. ते 1815 मध्ये लंडनला छापलं. लोकांचं खाणंपिणं, पाहुणचार, 'नन्वाते' म्हणजे शरण आलेल्याला नाही म्हणायचं नाही ही रीत, हे सगळं त्यात आहे. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 1817 मध्ये, खडकीच्या लढाईच्या वेळी त्याचा संगमावरचा बंगला जाळला गेला, पुस्तकांसकट. ग्रंथ तोवर छापून झाला होता म्हणून वाचला. पण एल्फिन्स्टन चुलीपाशी कधी गेला नाही. बायकांच्या ओसरीपर्यंत त्याला कोण जाऊ देणार? अबुल फजलही शाही मुदपाकखान्याचं लिहितो, घरच्या स्वयंपाकघराचं नाही. इतिहासाची कागदपत्रं पुरुषांनी लिहिली आणि ती दिवाणखान्यात लिहिली.

घरातला भात कागदावर कधी येतो? आम्हाला वाटतं, आईपासून मुलगी लांब गेली की. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970चं. नोकरीच्या गावी वेगळं बिऱ्हाड करणाऱ्या मुलींच्या हाती ते पडलं, आणि वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजलं. अफगाण घरच्या स्वयंपाकाचं जे पुस्तक जगभर ओळखलं गेलं, हेलन साबेरी यांचं 'नोशे जान', ते 1986 मध्ये इंग्लंडमध्ये निघालं. बाई इंग्रज, काबूलला नोकरीला गेल्या, तिथेच लग्न केलं, आणि सोव्हिएत सैन्य आल्यावर 1980 मध्ये देश सोडला. 'नोशे जान' हे तिथे जेवणाऱ्याला म्हणायचे शब्द, जिवाला लागो अशा अर्थाचे. ज्या घरात रोज शिजतं तिथे पुस्तक लागत नाही. पुस्तक निर्वासिताला लागतं.

आमच्या शेजारणीकडे पुस्तक नव्हतं, फोन होता. पहिल्या रविवारची खीर झाल्यावर तिने दुसऱ्या रविवारी काबूलला मैत्रिणीच्या आईला व्हिडिओ लावला, जिची देग ती आई. मधे ही दुभाषी : दरीतून हिंदीत, हिंदीतून आमच्या पत्नीच्या मराठी हिंदीत. मीठ किती? आई म्हणाली, जेवढं लागतं तेवढं. कांदा किती वेळ? होईपर्यंत. आमच्या पत्नी म्हणाल्या, अगदी आमच्या सासूबाई! मनुकांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरली. आईने विचारलं कुठल्या. सांगलीच्या, म्हटलं. तिने तोंड जरासं वाकडं केलं. काबूलच्या माणसाला मनुकांबद्दल आपण काही सांगावं असं नाहीच. बाबर हिंदुस्थानात येऊन सगळं मिळवून बसला, तरी काबूलच्या खरबुजासाठी आणि द्राक्षांसाठी झुरत राहिला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. सांगलीकरांनी रागावू नये.

मागे आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारी ती मुलगी आईच्या मागे उभी होती. तिच्याकडे बघून आम्हाला एक गोष्ट बोचली आणि ती इथे बोलून टाकतो. आपण घरगुती स्वयंपाक, घरची चव, असं किती प्रेमाने म्हणतो. पण डिसेंबर 2022पासून तिथल्या मुलींना विद्यापीठ बंद आहे. सहावीनंतरची शाळा त्याआधीच बंद झाली. जिचा प्रबंध अर्धा राहिला ती आज रोज काबुली करते, आणि आमच्या शेजारणीपेक्षा चांगला करते. 'काबिली', कर्तबगार हाताचा, हे नाव त्यांच्या घरात चालतं ते या अर्थाने. तिने ते स्वतःच सांगितलं, हसत. आम्हाला हसू आलं नाही. घर ही जागा निवडून घेतलेली असते तेव्हा तिची चव वेगळी, आणि कोंडलेली असते तेव्हा वेगळी. कृती तीच असते. अबुल फजलच्या यादीत यासाठी रकाना नाही.

दुसऱ्या रविवारचा भात जमला. दाणा सुटा, कांद्याचा रंग उतरलेला. जमिनीवर चादर अंथरून तिचा दस्तरखान केला. तांब्या आणि घमेल्याने हात धुतले. त्यांच्याकडे आफताबा आणि लगन असतं, पाहुण्याच्या हातावर घरातल्या धाकट्याने पाणी घालायचं. आमच्या नातवाने घातलं आणि निम्मं सतरंजीवर सांडलं. पुदिना-काकडी घातलेलं ताक, त्याला 'दूग' म्हणतात. आणि वेलदोड्याचा हिरवा चहा.

फोन अजून चालूच होता. आईने विचारलं, तुम्ही आमच्याकडचं आणखी काय खाता? आमच्या पत्नीने हिंगाची डबी दाखवली. आपल्याला कल्पना नसते, पण आपल्या आमटीत रोज जो हिंग पडतो तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानच्या डोंगरांतून येतो. आपल्याकडे हिंगाचं रोप पहिल्यांदा लावलं ते 2020च्या ऑक्टोबरमध्ये, लाहौल खोऱ्यात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक वरणात थोडं अफगाणिस्तान आहेच, त्या रागावलेल्या गृहस्थांच्यासुद्धा. आईला मात्र हे अजब वाटलं. त्यांच्याकडे हिंग हिवाळ्यासाठी वाळवायच्या मांसाला मिठाबरोबर चोळतात, रोजच्या जेवणात फारसा नाही. वरणात? तिने पुन्हा विचारलं. आमच्या पत्नी म्हणाल्या, हो, फोडणीत. दुभाषी मुलगी थांबली. फोडणीला दरीत शब्द काय, तिला सापडेना. मग तिने फोन आमच्या पत्नीच्या हातात दिला, कढल्यात तेल घातलं, गॅस पेटवला आणि म्हणाली, काकू, करूनच दाखवा.